एकशे वीस, ऐंशी

सिस्टरनं गोळ्यांचं पाकीट वरूनच सोडलं. आक्काच्या ओंजळीत पडायच्या ऐवजी ते पायरीवर पडलं. आठव्या महिन्याचं पोट घेऊन आक्का वाकली. एक हात गुडघ्यावर, एक हात पायरीवर. मी पुढं व्हायच्या आत तिनंच पाकीट उचललं.

बापूसाहेबांची ओसरी. गावात महिन्यातून एकदा सरकारी सिस्टर यायच्या, त्या इथंच बसायच्या. ओसरीला तीन पायऱ्या. वर सतरंजी. सतरंजीवर गावातल्या गरोदर बाया बसलेल्या. सिस्टर एकीच्या दंडाला पट्टा बांधायच्या, फुगा दाबायच्या, आकडा वाचून कार्डावर लिहायच्या, मग दुसरीच्या दंडाला बांधायच्या. पायऱ्यांच्या खाली, उन्हात, आमच्या वस्तीतल्या चौघी. चौघीत आक्का एकटीच पहिलटकरीण.

"सिस्टर, माझं पाय बघा की. लई सुजल्यात."

सिस्टरनं वरूनच बघितलं. "पहिलटकरणीचे सुजतात. मीठ कमी खा."

"पट्टा बांधून बघत न्हाईत का? सासरी, तामलवाडीला बांधत होते."

सिस्टरचा हात पट्ट्याकडं गेला. खोटं कशाला बोलू, गेला. तेवढ्यात बापूसाहेबांच्या आई खुर्चीतून म्हणाल्या, "सिस्टर, त्योच पट्टा परत आमच्या नातसुनंला बांधायचाय."

बस. एवढंच. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. पानाला चुना लावता लावता म्हणाल्या.

सिस्टरनं हात मागं घेतला. दोन बोटांनी आक्काचं कार्ड धरलं, काहीतरी लिहिलं आणि ते वरच्या पायरीवर ठेवलं. ठेवलं म्हणजे हातात दिलं नाही.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. रोज एस.टी.नं धाराशिवला जायचे. कॉलेजात राज्यघटनेवर निबंध लिहून बक्षीस घेतलं होतं. आणि त्या पायरीखाली उभी राहून मी काय म्हणाले? "चल आक्का. ऊन व्हायलंय."

वाटेत आक्कानं कार्ड माझ्याकडं दिलं. "काय लिवलंय गं?"

"एकशे वीस, ऐंशी."

"म्हंजी चांगलं का?"

मी मोबाईल काढला. बघितलं. म्हणाले, "एकदम नॉर्मल आहे, आक्का."

तिचं तोंड उजळलं. पट्टा बांधला नव्हता हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. पण आकडा सरकारी कार्डावर होता, निळ्या शाईत, सहीसकट. आणि शिकलेली बहीण सांगत होती. तिनं विश्वास ठेवला.

आमच्या गावात सरकारी दवाखाना नाही असं नाही. उपकेंद्र आहे. आमच्या वस्तीला लागून, गायरानात. बांधायला सरकारी जागा तेवढीच होती. दोन खोल्या, बाळंतपणाचं टेबल, पाण्याची टाकी, पुढं ओटा. झालं तेव्हा माझी माय शेजारणीला म्हणाली होती, "आता आपल्या लेकी हितंच बाळंत व्हत्याल."

गावातलं कुणी तिकडं फिरकलं नाही. "आमच्या लेकीसुनांनी त्या वस्तीतनं जायचं व्हय?" असं उघड बोलायचे. सिस्टर सुरुवातीला तिथंच बसायच्या. तेव्हा वस्तीतल्या बायांच्या दंडाला पट्टा बांधायच्या. मायनं सांगितलंय मला. पण गावातून एकही बाई येईना, म्हणून वरून विचारणा व्हायला लागली की तुमच्या गावात नोंदणी एवढी कमी कशी. मग बापूसाहेबांनी ओसरी दिली. गावासाठी दिली म्हणून त्यांचा सत्कारही झाला. उपकेंद्राला कुलूप लागलं. पुढं त्या खोल्यांत बापूसाहेबांच्या ठिबकच्या नळ्या आल्या. खिडकीतून बघितलं की बाळंतपणाच्या टेबलावर काळ्या नळ्यांची वेटोळी दिसायची.

तामलवाडीला आक्काचं सासर. तिथल्या दवाखान्यात तिला सहाव्या महिन्यापर्यंत नेत होते. बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा त्या पट्ट्याचं तिला भारी कौतुक. मला सांगायची, "पट्टा आवळत जातो न्हवं, तवा हात आपला वाटतच न्हाई. आन् मग सुटतो आन् सगळं अंग हलकं व्हतं." हसली की तिच्या तोंडातून आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. दहावीला इंग्रजीत गेली म्हणून तिची शाळा सुटली. त्यानंतर तिनं मला कधी पाण्याला जाऊ दिलं नाही. म्हणायची, "तू वाच. पाण्याचं म्या बघते." माझ्या प्रत्येक पानामागं तिची एक घागर आहे.

ओसरीवरच्या त्या दिवसानंतर नववा दिवस. सकाळपासून तिचं डोकं ठणकत होतं. मायनं कपाळाला फडकं आवळून बांधलं. दुपारी जेवण उलटून पडलं. मी कॉलेजातून लवकर आले होते. आक्का भिंतीला टेकून बसली होती आणि दाराकडं बघत होती.

"माय, दिवसा दिवा का लावलाय गं?"

दिवा नव्हता. दारातून नुसतं ऊन येत होतं.

"लई दिवं हायतं," ती म्हणाली, आणि तिची मान एका बाजूला ओढली गेली. मग हात. मग सगळं अंग. दात आवळले, तोंडातून फेस. माय ओरडली. शेजारची म्हातारी चप्पल हुंगवायला धावली. मी अॅम्ब्युलन्सला फोन लावला. गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. येते म्हणाले, किती वेळात ते सांगता येत नाही म्हणाले. अण्णा, म्हणजे आमचे वडील, रानातून धावत आले आणि तसेच फाट्यावर धावत गेले. वडापची जीप घेऊन आले. जीपवाल्यानं बसलेले लोक उतरवले. त्याचं भलं होवो.

जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिला आणखी दोनदा झटके आले. मधल्या वेळात डोळे उघडे, पण त्यात ओळख नव्हती. मी "आक्का, आक्का" म्हणत होते. ती माझ्यातून आरपार बघत होती.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल? पट्टा बांधला. आकडा बघितला, परत बांधला, परत बघितला. त्यांचा चेहराच बदलला. सुई दिली. आणि मला विचारलं, "बीपी कधीपासून वाढलंय?"

मी कार्ड दिलं.

"हे तर नऊ दिवसांपूर्वीचं आहे. नॉर्मल लिहिलंय." माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "मोजलं होतं का?"

माझ्या शेजारी अण्णा उभे होते. अण्णांनी माझ्याकडं बघून मान हलवली. अगदी थोडी. अण्णा बापूसाहेबांच्या रानात कामाला होते. त्यांचे वडीलही तिथंच होते. ती मान मला लहानपणापासून कळत होती.

मी गप्प बसले. दुसऱ्यांदा.

डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी दिली, सोबत नर्स दिली. ऊन कलायच्या आत, वाटेतच, आक्का गेली. लेकरू तिच्या आधीच गेलं होतं, गाडीतच मेलेलं जन्मलं. मुलगी होती. नर्सनं सांगितलं. मला वाटतं, तिनं सांगायला नको होतं.

तामलवाडीहून भावजी आले. त्यांनी आक्काची पिशवी मागितली. पिशवीतून तिचा कंगवा काढून खिशात ठेवला आणि पिशवी परत मायला दिली.

माती झाल्यावर तीन आठवड्यांनी जीप आली. बाळंतपणात बाई गेली की सरकारी चौकशी होते, हे मला तेव्हा कळलं. एक साहेब, एक मॅडम आणि आमच्या सिस्टर. ते आमच्या घरी आले नाहीत. बापूसाहेबांच्या ओसरीवर बसले आणि आम्हाला बोलावणं धाडलं. अण्णा गेले. मागून माय आणि मी. आम्ही पायऱ्यांच्या खाली उभे राहिलो. कुणी उभं राहा म्हणालं नाही. पाय आपोआप तिथं थांबले.

साहेबांनी विचारलं, डोकं कधीपासून दुखत होतं, फोन किती वाजता केला, जीप कधी मिळाली. अण्णा उत्तरं देत होते. "व्हय साहेब. न्हाई साहेब." साहेब लिहीत होते. मग त्यांनी कागद वाचून दाखवला. शेवटची ओळ अशी होती: घरच्यांनी धोक्याची लक्षणं वेळेत ओळखली नाहीत, त्यामुळं दवाखान्यात न्यायला उशीर झाला.

"इथं सही करा," साहेबांनी अण्णांना सांगितलं.

अण्णांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि सहीसाठी हात वर केला. माझा बाप. ज्याची लेक गेली तो. लेक आपल्यामुळं मेली असं लिहून द्यायला हात वर करून उभा.

तेव्हा माझ्या आत काय झालं, ते मला नीट सांगता येत नाही. राग म्हणावा तर राग नव्हता. मला नुसतं आक्काचं वाकणं दिसलं. गुडघ्यावर हात ठेवून वाकलेली.

मी तीन पायऱ्या चढले. वर गेले. अण्णांच्या पुढचा कागद घेतला.

"ही सही व्हनार न्हाई."

बापूसाहेबांच्या आई उठून उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. सिस्टरकडं बघितलं.

"सिस्टर, आक्काच्या दंडाला पट्टा कधी बांधला ते सांगा."

सिस्टरनं साहेबांकडं बघितलं.

साहेब म्हणाले, "कार्डावर नोंद आहे."

"नोंद हाय. पट्टा न्हाई बांधला."

"पुरावा काय?"

"म्या. म्या हितं खाली उभी होते."

"हे बघ, तू शिकलेली दिसतेस. समजून घे. तुझ्या बहिणीला हा आजार—"

"हा आजार पट्टा बांधला की कळतो. डॉक्टरांनी बांधला तवा लगेच कळला. ते लिवा. पट्टा न बांधता आकडा लिवला, असं लिवा. मग अण्णा सही करत्याल."

आणि सिस्टर रडायला लागल्या. पदर तोंडाला लावून, लहान पोरीसारख्या. म्हणाल्या, "मी कुणाच्या दारात बसते ते बघितलंस ना? मी काय करणार होते?"

मला त्यांची कीव आली. आजही येते. त्या वाईट बाई नव्हत्या. मी बारावीला असताना त्यांनी मला त्यांची जुनी पुस्तकं दिली होती. त्या घाबरल्या. एवढंच. त्यांच्या घाबरण्यानं माझी बहीण मेली. कीव आली म्हणून मी कागद परत दिला नाही.

साहेबांनी फाईलवर "नातेवाईकांचा सहीस नकार" असं लिहिलं आणि निघून गेले. मी घरी येऊन दोन पानांचा अर्ज लिहिला. तारीख, वेळ, ओसरी, पायऱ्या, कोण काय बोललं, सगळं. त्यात हेही लिहिलं की मी तेव्हा गप्प बसले. जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना रजिस्टरनं पाठवला. दीड महिन्यानं उत्तर आलं. कार्यालयीन नोंदीनुसार मातेचा रक्तदाब सामान्य होता. मी परत तोच अर्ज त्यांच्याही वर धाडला.

अण्णांना रानात येऊ नको म्हणून सांगितलं गेलं. अण्णांनी मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मग ग्रामसभा आली. विषय होता उपकेंद्राच्या इमारतीचा. कुठल्यातरी खाजगी दवाखान्याला ती द्यायची. त्यांची गाडी आठवड्यातून एकदा येणार आणि गावात, चावडीसमोर उभी राहणार. सभेच्या आदल्या संध्याकाळी भाकरी थापता थापता माय म्हणाली, "देऊन टाका म्हणावं. खाजगीवालं तरी हात लावतेत. सरकारी बाईनं काय केलं आपलं?"

माझी बहीण सरकारी कार्डावर मेली होती. मी त्याच सरकारी दवाखान्यासाठी का भांडायचं? मी जेवले नाही. नळाच्या कट्ट्यावर बसून राहिले. मग आत येऊन मायला म्हणाले, "खाजगीवाल्याची गाडी चावडीपशी हुबी राहील. तिथं त्यांनी आपल्याला खाली हुबं केलं, तर तू कुणाला जाब इचारशील?"

मायनं तवा चुलीवरून उतरवला.

सभेत बापूसाहेबांचा मुलगा बोलायला उठला. पुण्याला असतो. मराठी चांगलं बोलतो. "सरकारनं दवाखाने चालवायचे दिवस गेले. सरकारनं लोकांना विम्याचं कार्ड दिलंय. ज्याला जिथं जायचंय तिथं त्यानं जावं. फुकट दवाखान्याची ना देणाऱ्याला किंमत, ना घेणाऱ्याला." टाळ्या पडल्या. गावातलेच एक रिटायर गुरुजी हळूच म्हणाले, "पण कार्ड चालतं ते ऑपरेशनला. लेकराच्या तापाला, बाईच्या तपासणीला कुठं जायचं?" त्यांना कुणीतरी खाली बसवलं.

मी उठले. वस्तीतले लोक मागं बसतात. मी मागून उठून पुढं चालत गेले.

"दवाखाना चालला न्हाई म्हणताय. चालू कवा दिला? आमच्या दारात हाय म्हणून त्याला कुलूप लावलं. आत नळ्या हायत. सरकारनं जागा दिली, खोल्या दिल्या, बाई दिली. तुम्ही ती बाई उचलून ओसरीवर नेली. आता म्हणताय सरकारनं हात काढावा. सरकारनं हात काढला तर आमच्याकडं कोण बघणार? सरकारी बाईनं खोटं लिवलं, तर म्या तिला तोंडावर इचारलं. अर्ज केला. तिला जाब द्यावा लागतो. तुमच्या गाडीवाल्याला कुणाला जाब द्यावा लागतो?"

बापूसाहेब मऊ आवाजात म्हणाले, "पोरी, तुझं दुःख आम्हाला कळतंय. पण सभेत रडायचं नसतं."

मी रडत नव्हते. सगळे बघत होते, मी रडत नव्हते. पण त्यांनी म्हणल्याबरोबर लोकांना मी रडताना दिसायला लागले. बायांनी चुकचुक केली. मला पहिल्यांदा समजलं, की आमचं बोलणं असं पुसतात. त्याला रडणं म्हणतात.

"म्या रडत न्हाई," मी म्हणाले. "म्या बोलायलेय. ग्रामसेवक, लिवून घ्या."

हात वर झाले. गावाचे जास्त, आमचे कमी. मायचा हात आमच्या बाजूला होता. ठराव पास झाला. मी ग्रामसेवकांना म्हणाले, "माझा विरोध लिवा." ते म्हणाले, "सगळ्यांचा एकत्र लिहितो की." मी म्हणाले, "न्हाई. नाव घालून. कारणासकट." पेन थांबलं तेव्हा मी तिथंच उभी राहिले. त्यांनी लिहिलं. मी वाचून बघितलं.

चार दिवसांनी बापूसाहेबांचा निरोप आला. आशा कार्यकर्तीची जागा रिकामी आहे, पोरगी हुशार आहे, तिचं नाव सुचवतो. फक्त तो अर्ज मागं घ्यावा. अण्णा दारात बसले होते. घरात बसून त्यांना दोन महिने झाले होते. निरोप घेऊन आलेला माणूस गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "बघ बाई तुझं तू."

मी रात्रभर विचार केला, असं लिहिलं तर चांगलं दिसेल. पण मी विचार केला नाही. त्या माणसामागं धावत गेले, त्याला फाट्यावर गाठलं आणि सांगितलं, अर्ज मागं येणार नाही. आशाची जागा निघाली की मी अर्ज करीन, सगळ्यांसारखा. कुणाच्या सुचवण्यानं नाही.

सिस्टरची बदली झाली. गावात म्हणतात, त्यांना शिक्षा झाली. मला त्यांची बदली नको होती. मला त्यांच्या हातानं लिहिलेली एक खरी ओळ हवी होती. नवी सिस्टर आली आहे. तीही ओसरीवरच बसते. वस्तीत आता तिघी गरोदर आहेत.

माझी आक्का कागदावर अजून घरच्यांच्या उशिरानं मेलेली आहे. मी वर अपील केलंय. इमारत देण्याच्या ठरावावरही हरकत घेतलीय. सोमवारी धाराशिवच्या कचेरीत दोन्हींची सुनावणी आहे. वकील नाही. मी बोलणार आहे, आणि त्या नऊ दिवसांत मी दोनदा गप्प बसले, हे मी सगळ्यात आधी बोलणार आहे. त्यांनी विचारायच्या आधी.

मग दोनच गोष्टी मागणार. मोजलं नव्हतं, असं लिहा. दवाखान्याचं कुलूप काढा. सोमवारी लिहून मिळालं नाही, तर मंगळवारी त्याच दारात बसलेली असेन. बुधवारीही. उचलून बाहेर टाकलं, तर परत आत येईन. आणि या वेळी वस्तीतल्या त्या तिघींना सोबत आणीन.